उपग्रहाच्या प्रतिमेवरून पीक कसे वाचावे

युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह जमिनीपासून सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि दोन उपग्रह मिळून पृथ्वीवरील जवळजवळ प्रत्येक शेताची प्रतिमा दर पाच दिवसांनी टिपतात. या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला आणि त्या मालिकेचा संग्रह २००८ पासून सर्वांसाठी खुला आहे. त्यामुळे एखाद्या शेताचा कित्येक दशकांचा इतिहासही घरबसल्या पाहता येतो. असे असूनही ही सामग्री वापरू पाहणाऱ्या बहुतेकांचे पाऊल पहिल्या हिरव्या-लाल नकाशापाशीच अडते, कारण नकाशा उघडणे सोपे असते, तो वाचणे मात्र शिकावे लागते. हा लेख त्या वाचनाविषयी आहे. शेतकरी गट, कृषी सल्लागार, या विषयाचे विद्यार्थी आणि मोठ्या प्रदेशातील अन्नधान्याच्या स्थितीवर लक्ष ठेवणारे कार्यकर्ते यांना तो उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावी. शेतातील बदल कुठे झाला आणि केव्हा झाला हे उपग्रह चांगले सांगतो. तो कशामुळे झाला हे मात्र तिथे जाऊन, वाकून, माती हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. ही मर्यादा ओळखणाऱ्याला हे तंत्रज्ञान फार मोलाचे ठरते. प्रतिमेलाच निदान मानणारा नको तिथे खत टाकतो आणि नको तेव्हा पाणी देतो.

आधी प्रश्न, मग उपग्रह

कोणता उपग्रह वापरावा हे आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे यावर ठरते. एका शेतातील पिकाची वाढ पाहायची असेल तर सेंटिनेल-२ ही पहिली निवड होय. तो प्रकाश १३ पट्ट्यांत, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या किंवा तरंगलांबींच्या भागांत, मोजतो. त्यांपैकी निळा, हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) हे चार पट्टे १० मीटर तपशिलाने मिळतात, म्हणजे प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवरील १० मीटर बाजूचा चौरस दाखवतो, तर हरितद्रव्य व पाण्याबाबत अधिक बोलके असणारे काही पट्टे २० मीटर तपशिलाने मिळतात. लँडसॅट ८ आणि ९ यांचा तपशील ३० मीटरचा असून दोन्ही मिळून आठ दिवसांनी प्रतिमा देतात. जुना इतिहास आणि जमिनीचे तापमान यांसाठी ते महत्त्वाचे आहेत. संपूर्ण जिल्हा किंवा देश पाहायचा असेल तर मोडिससारख्या संवेदकाचा २५० मीटरचा तपशील पुरतो आणि तो रोज मिळतो, परंतु त्याचा एक पिक्सेल (प्रतिमेतील एक ठिपका) सहा हेक्टरांहून मोठा असल्याने लहान शेतासाठी त्याचा काहीही उपयोग नाही.

येथे थोडा हिशेब करणे अगत्याचे आहे, कारण बहुतेक निराशा याच ठिकाणी जन्मते. सेंटिनेल-२ चा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. एका एकरात असे सुमारे ४० पिक्सेल बसतात. परंतु बांधावरच्या पिक्सेलमध्ये अर्धे पीक आणि अर्धा बांध, रस्ता किंवा झाडाची सावली मिसळलेली असते, म्हणून ते वगळावे लागतात. मी नेहमी चारही बाजूंनी दहा मीटर आत सरकून मगच मोजणी करतो. एक एकराचे शेत अगदी चौरस असले तरी असे केल्यावर सुमारे १९ पिक्सेल उरतात, आणि शेत वीस मीटर रुंदीची अरुंद पट्टी असेल तर एकही उरत नाही. अशा वेळी शेजारच्या, एकाच पिकाच्या व एकाच सुमारास पेरलेल्या शेतांचा गट करून पाहणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

सीमा आखणे

शेताची सीमा मोबाइल हातात घेऊन, बांधावरून चालत आखता येते. मोबाइलमधील ग्राही जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदोऊ अशा एकाहून अधिक प्रणालींचे संकेत घेतो आणि मोकळ्या आकाशाखाली त्याची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. झाडांखाली किंवा भिंतीलगत ती वाढते. शंभर मीटर रुंदीच्या शेतात ही चूक चालून जाते, तीस मीटरच्या शेतात चालत नाही. म्हणून चालून आखलेली रेषा संगणकावर एखाद्या स्पष्ट हवाई प्रतिमेवर ठेवून कोपरे हाताने जुळवून घ्यावेत. ट्रॅक्टर सरळ ओळीत चालवणे किंवा पेरणीची ओळ सेंटिमीटरच्या अचूकतेने पाळणे यासाठी स्थिर केंद्राकडून तत्काळ दुरुस्ती मिळणारी आरटीके पद्धत लागते, पण पीक पाहण्यासाठी तेवढ्या अचूकतेची गरज नाही.

सीमेची फाइल एकदा नीट केली की ती अनेक वर्षे पुरते. तिच्यासोबत पेरणीची तारीख, वाण, आधीचे पीक आणि सिंचनाचा प्रकार यांची नोंद असावी. या चार गोष्टी माहीत नसतील तर पुढचा प्रत्येक आकडा दोन-तीन अर्थांनी वाचता येतो.

प्रतिमा निवडताना

कोपर्निकस ब्राउझर या सेंटिनेल प्रतिमांच्या संकेतस्थळावर शेताची सीमा चढवता येते, तारीख निवडता येते आणि किती टक्क्यांपर्यंत ढग चालतील हे ठरवता येते. अनेक वर्षांच्या प्रतिमा एकत्र हाताळायच्या असतील तर गूगल अर्थ इंजिन सोयीचे पडते, आणि आपल्या संगणकावर काम करायचे असेल तर क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. साधन कोणतेही असो, प्रतिमा ‘एल२ए’ दर्जाची घ्यावी. या दर्जात वातावरणाचा परिणाम काढून जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश दिलेला असतो. ‘एल१सी’ दर्जात धूळ आणि धुके यांचा परिणाम तसाच राहतो, आणि मग दोन तारखांची तुलना करताना हवेतील बदल पिकातील बदल म्हणून दिसतो.

ढगांची टक्केवारी संपूर्ण प्रतिमेची असते, आपल्या शेताची नसते. प्रतिमेवर ६० टक्के ढग असताना शेत स्वच्छ उन्हात असू शकते आणि ५ टक्के ढगांपैकी एक नेमका आपल्यावर असू शकतो, म्हणून केवळ टक्का पाहून प्रतिमा टाकूनही देऊ नये आणि स्वीकारूही नये. ढगाहूनही त्याची सावली अधिक फसवी असते. ढग पांढरा दिसतो, डोळ्यांना कळतो. सावलीतील पीक मात्र केवळ थोडे काळवंडलेले दिसते आणि हिरवेपणाचा निर्देशांक (त्याविषयी पुढे) बदललेला दाखवते. एल२ए प्रतिमेसोबत येणाऱ्या वर्गीकरणाच्या थरात ढग, विरळ ढग आणि ढगांची सावली वेगवेगळी दाखवलेली असते. ती वगळावी आणि तरीही शंका राहिल्यास नैसर्गिक रंगातील प्रतिमा डोळ्यांनी पाहावी. यास अर्धे मिनिट लागते.

जुन्या व नव्या वर्षांची तुलना करणाऱ्यांनी एक तांत्रिक बाब विसरू नये. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक पट्ट्याच्या साठवलेल्या मूल्यात १,००० ची भर पडू लागली. ही भर वजा न करता २०२१ आणि २०२३ च्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तर पिकाचा हिरवेपणा घटल्याचे दिसते, शेतात काहीही बिघडलेले नसताना. काही साधने ही दुरुस्ती आपोआप करतात. आपले साधन करते की नाही हे एकदा तपासावे.

हिरवेपणाचा आकडा

निरोगी पान प्रकाशसंश्लेषणासाठी लाल प्रकाश शोषून घेते, आणि त्याच्या आतील पेशींची रचना निकट-अवरक्त किरण जोराने परत फेकते. उघडी माती या दोहोंना जवळपास सारखीच वागणूक देते. या फरकावर एनडीव्हीआय हा निर्देशांक उभा आहे: निकट-अवरक्त मूल्यातून लाल मूल्य वजा करावे आणि उत्तराला त्या दोहोंच्या बेरजेने भागावे. दाट पिकात निकट-अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०५ असेल तर उत्तर ०.८० येते, उघड्या मातीत ०.२५ आणि ०.१८ असेल तर सुमारे ०.१६ येते. पाण्यावर उत्तर बहुधा शून्याच्या खाली जाते.

हा आकडा म्हणजे पिकाला दिलेले गुण नव्हेत. तणाने भरलेले शेतही ०.७ दाखवते. विरळ पिकात मातीचा रंग आकड्यात मिसळतो, म्हणून उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मातीचा परिणाम कमी करणारा सॅव्ही हा निर्देशांक अधिक विश्वासार्ह असतो. उलट पीक दाट झाले, जमीन झाकली गेली, की एनडीव्हीआय ०.८ च्या पुढे अडकून बसतो आणि चांगले पीक व उत्तम पीक यांतला भेद त्याला दाखवता येत नाही. अशा वेळी लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या चढावरील पट्टा वापरणारा एनडीआरई निर्देशांक पाहावा; त्याचा तपशील २० मीटरचा असला तरी पानातील हरितद्रव्याची घट तो आधी पकडतो. नत्राच्या दुसऱ्या हप्त्याचा निर्णय घेताना मी एनडीव्हीआयपेक्षा याच निर्देशांकावर अधिक विसंबतो.

रंगांच्या बाबतीतही सावध राहावे. पुष्कळ साधने प्रत्येक प्रतिमेतील सर्वांत कमी मूल्याला लाल आणि सर्वांत जास्त मूल्याला हिरवा रंग देतात. परिणामी ०.७४ ते ०.८१ इतकाच फरक असलेल्या एकसारख्या शेतातही भडक लाल ठिपके उमटतात आणि पाहणारा घाबरतो. रंगपट्टी ० ते ०.९ अशी कायम ठेवावी आणि सर्व तारखांना तीच वापरावी.

हंगामाची रेषा

एका दिवसाच्या प्रतिमेपेक्षा सबंध हंगामाची रेषा कितीतरी अधिक सांगते. शेताची सरासरी दर प्रतिमेला काढून तारखेसमोर मांडली की उगवण, जोमदार वाढ, छत्र मिटणे (पानांनी जमीन पूर्ण झाकणे), दाणे भरणे आणि पिकाचे पिवळे पडणे हे सारे एका डोंगराच्या आकारात दिसते. हा डोंगर याच शेताच्या मागील तीन-चार हंगामांच्या, त्याच पिकाच्या रेषांशी ताडून पाहावा. दुसऱ्याच्या शेताशी तुलना करण्यापेक्षा हे अधिक योग्य, कारण माती, उतार आणि पाणी बरेचसे तेच राहते.

मात्र ताडताना कॅलेंडरची तारीख धरू नये, पेरणीपासूनचे दिवस धरावेत. पंधरा दिवस उशिरा पेरलेले पीक तारखेनुसार पाहिले तर आजारी वाटते, वयानुसार पाहिले तर अगदी वेळेवर चाललेले असते. चढ वेळेवर सुरू झाला पण मध्येच आडवा पडला, तर वाढीच्या काळात काहीतरी आडवे आले असे समजावे. शिखर गाठल्यानंतर रेषा नेहमीपेक्षा लवकर खाली येत असेल तर ते अधिक चिंतेचे, कारण दाणे भरण्याच्या काळात पाने अकाली वाळली की उत्पादनाला थेट फटका बसतो. एकच बिंदू अचानक खाली येऊन पुढच्या प्रतिमेत पुन्हा वर गेला असेल, तर तो बहुधा न ओळखलेला ढग किंवा सावली आहे. पीक पाच दिवसांत असे कोसळून पुन्हा उभे राहत नाही.

शेतात जाऊन पाहणे

समजा, गव्हाच्या शेतात ईशान्येच्या कोपऱ्यातील सहा-सात पिक्सेल दोन आठवड्यांपासून बाकीच्या शेताच्या मागे आहेत. निघण्यापूर्वी त्या डागाचा आकार पाहावा. डाग पेरणीच्या ओळींना समांतर सरळ पट्ट्यासारखा असेल तर कारण बहुधा माणसाच्या हातचे असते: पेरणीयंत्राचा तुंबलेला फण, फवारणीत सुटलेली पट्टी, ठिबकची बंद पडलेली नळी. डाग उताराच्या दिशेने पसरला असेल तर पाणी साचणे किंवा वाहून जाणे हे कारण आधी तपासावे. गोलसर, दर प्रतिमेला कडेने वाढत जाणारा डाग रोग किंवा किडीची शक्यता सुचवतो. दर हंगामात, पीक कोणतेही असो, त्याच जागी उमटणारा डाग मातीचा असतो. उथळ थर, चोपण, मुरमाड पट्टा यांपैकी काहीतरी तिथे दडलेले असते.

मग डागाच्या मध्यावरचा एक बिंदू आणि निरोगी भागातील एक बिंदू मोबाइलवर नोंदवून दोन्ही ठिकाणी जावे. दुसऱ्या बिंदूकडे जाणे टाळू नये, कारण तुलना त्याच्यामुळेच होते. दोन्हीकडे एक मीटर ओळीतील रोपे मोजावीत. रोपेच कमी असतील तर दोष उगवणीत आहे, आणि आता खत देऊन तो भरून निघणार नाही. रोपे सारखी असून पिवळी असतील तर कोणते पान पिवळे आहे ते पाहावे: खालची जुनी पाने टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव संभवते, वरची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर लोहाची. पानाची खालची बाजू उलटून पाहावी. शेवटी खुरप्याने वीतभर खोल माती काढावी. वाफशातली माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचले की फुटतो. डागातील माती हाताला चिकटत असेल, तिला आंबूस वास येत असेल आणि मुळे तपकिरी पडलेली असतील, तर त्या कोपऱ्यात निचरा होत नाही एवढे नक्की. प्रतिमेत पिवळेपणा दिसला म्हणून तिथे पाणी वाढवले असते तर नुकसान दुप्पट झाले असते.

खताबाबत एक उपाय सुचवतो. शेताच्या लांबीभर एक पट्टा राखून त्यास सुरुवातीलाच भरपूर नत्र द्यावे. पुढे प्रतिमेत तो पट्टा बाकीच्या शेतापेक्षा ठळक हिरवा दिसू लागला तर शेताला नत्राची भूक आहे. दोन्ही सारखेच दिसत असतील तर अडचण दुसरीकडे आहे आणि जादा खत वाया जाईल. पट्टा निदान तीस मीटर रुंद असावा, अन्यथा पिक्सेलमध्ये तो स्वच्छ उतरत नाही.

पाण्याचा ताण आणि पावसाचा हिशेब

हिरवेपणा घटला की ताण दिसतो हे खरे, परंतु तोवर उशीर झालेला असतो. पाणी कमी पडले की पान आधी पर्णरंध्रे मिटते, बाष्प सोडणे थांबवते आणि त्यामुळे तापते. रंग नंतर बदलतो. म्हणून लँडसॅटचा औष्णिक पट्टा उपयोगी ठरतो, मात्र त्याचा मूळ तपशील १०० मीटरचा आहे आणि लहान शेतात शेजारचे तापमान मिसळते. पानांतील व छत्रातील ओलाव्यासाठी निकट-अवरक्त आणि लघुलहरी अवरक्त यांच्यावर आधारित एनडीएमआय हा निर्देशांक सेंटिनेल-२ वरून काढता येतो. सिंचनाच्या पाळीआधी व नंतर तो काढून पाहिल्यास पाणी शेताच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते की नाही हे बऱ्याचदा लगेच उमगते.

मातीतील ओलावा मोजण्यासाठी २०१५ पासून स्मॅप हा उपग्रह फिरत आहे. तो वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थरातील ओल सांगतो आणि त्याचा मूळ तपशील ३६ किलोमीटरचा आहे, म्हणून त्यावरून एका शेताची पाळी ठरवू नये. संपूर्ण परिसरात पेरणीयोग्य ओल आली आहे का, दुबार पेरणीचा धोका किती, एवढे मात्र त्यावरून अजमावता येते. पावसासाठी आयमर्ग ही उपग्रहांवरून काढलेली सामग्री अर्ध्या-अर्ध्या तासाला, सुमारे दहा किलोमीटर तपशिलाने मिळते, आणि चर्प्स ही सामग्री १९८१ पासूनचा पाऊस सुमारे पाच किलोमीटर तपशिलाने देते. यंदाचा पाऊस किती मागे आहे हे चर्प्सच्या दीर्घ सरासरीशी ताडून कळते. डोंगराळ भागात आणि अगदी स्थानिक वळवाच्या सरींबाबत दोन्ही चुकतात, तेव्हा शेतात एक साधे पर्जन्यमापक असणे कधीही चांगले.

ढगांच्या आडून

पावसाळ्यात, नेमक्या पिकाच्या वाढीच्या काळात, प्रकाशीय उपग्रहांना आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही. तेव्हा रडार कामास येते. सेंटिनेल-१ चे सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीचे तरंग ढगांतून आणि अंधारातूनही जमिनीपर्यंत पोचतात आणि परत येणाऱ्या तरंगांवरून पृष्ठभागाचा खडबडीतपणा, ओलावा व पिकाची रचना यांचा अंदाज येतो. साचलेले संथ पाणी तरंग आरशाप्रमाणे दूर परावर्तित करते, म्हणून ते काळे दिसते. भातलावणीचे पाण्याने भरलेले खाचर आधी काळे आणि मग रोपे वाढतील तसे उजळ होत जाते. पुराने किती क्षेत्र बुडाले हे काढण्याचाही हाच मार्ग आहे. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो व नासा यांचा निसार उपग्रह प्रक्षेपित झाला. त्याचे लांब तरंग पर्णभारात अधिक खोल शिरतात आणि त्याची फेरी बारा दिवसांची आहे.

रडारची प्रतिमा छायाचित्रासारखी वाचता येत नाही. तिच्यात मिठासारखी कणी विखुरलेली असते, त्यामुळे एका पिक्सेलवर कधीही निष्कर्ष काढू नये. शेताची सरासरी घ्यावी आणि एकाच दिशेने जाणाऱ्या फेऱ्यांच्या प्रतिमाच एकमेकींशी ताडाव्यात. पेरणीपूर्वीच्या नांगरटीनेही संकेत उसळी घेतो, हे विसरल्यास मशागत पीक म्हणून मोजली जाते.

शेतापासून प्रदेशापर्यंत

अन्नसुरक्षेचे काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो: या हंगामात किती धान्य हाती येईल, आणि कुठे येणार नाही. उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उतारा (दर हेक्टरी उत्पन्न), आणि उपग्रह या दोहोंबाबत मदत करतो. क्षेत्रासाठी पीकनकाशा लागतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या वर्ल्डसीरियल प्रकल्पाने २०२१ या वर्षासाठी मका व इतर तृणधान्यांचे जगभराचे नकाशे १० मीटर तपशिलाने तयार केले आहेत. परंतु नकाशातील पिक्सेल मोजून थेट क्षेत्र जाहीर करणे ही या क्षेत्रातील सर्वांत प्रचलित चूक आहे. नकाशा काही गव्हाला गवत म्हणतो आणि काही गवताला गहू, आणि या दोन चुका एकमेकींना फेडतीलच असे नाही. म्हणून यादृच्छिक निवडलेल्या काही शे ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पीक नोंदवावे, नकाशा कुठे किती चुकतो याचे कोष्टक मांडावे आणि त्यावरून क्षेत्राचा आकडा दुरुस्त करून त्याच्या चुकीच्या मर्यादेसह द्यावा. उताऱ्यासाठीही हेच लागू: शिखराच्या सुमाराचा निर्देशांक आणि पीककापणी प्रयोगांतून मिळालेला उतारा यांचा संबंध त्या प्रदेशात, त्या पिकासाठी बसवावा लागतो. दुसरीकडून उसना आणलेला संबंध चालत नाही.

टंचाईची चाहूल घेण्यासाठी सापेक्ष निर्देशांक वापरतात. एखाद्या ठिकाणी वर्षाच्या या दहा दिवसांत आजवरचा किमान एनडीव्हीआय ०.३० आणि कमाल ०.७० असेल आणि यंदा तो ०.४२ असेल, तर पीकस्थिती ३० टक्के ठरते. जागतिक अन्न व कृषी संघटनेची ॲसिस ही यंत्रणा अशाच, तापमानही विचारात घेणाऱ्या निर्देशांकावरून दर दहा दिवसांनी एक किलोमीटर तपशिलाने ३५ च्या खाली गेलेले पीकक्षेत्र शोधते. जी-२० च्या कृषिमंत्र्यांनी २०११ मध्ये पुरस्कृत केलेला जिओग्लॅम उपक्रम गहू, मका, भात व सोयाबीन यांच्या जागतिक स्थितीचा आढावा नियमित प्रसिद्ध करतो. २०२२ मध्ये युक्रेनमधील ज्या भागांत युद्धामुळे पाऊल टाकणे अशक्य होते, तेथील गव्हाचा अंदाज उपग्रहांवरूनच बांधला गेला. १९८५ पासून चालत आलेली फ्यूजनेट ही दुष्काळपूर्वसूचनेची यंत्रणा मात्र २०२५ च्या आरंभी अमेरिकी निधी थांबताच काही काळ बंद पडली, आणि तिच्यावरच विसंबणाऱ्यांना एका रात्रीत दुसरे आधार शोधावे लागले. म्हणून ज्या प्रदेशाची जबाबदारी आपल्यावर आहे त्याचा मूळ प्रतिमांवरून, आपल्या हाताने काढलेला एक साधा तक्ता नेहमी तयार ठेवावा.

लाल दिसणारा प्रत्येक तालुका उपाशी राहणार असे नाही आणि हिरवा दिसणारा प्रत्येक तालुका सुखात आहे असेही नाही. पीक चांगले असून मजुरी बुडालेली, रस्ता तुटलेला किंवा भाव गगनाला भिडलेले असू शकतात, आणि यांपैकी काहीच अवरक्त पट्ट्यात दिसत नाही. उपग्रहाच्या तक्त्याशेजारी बाजारभाव, मजुरी, साठा आणि मुलांच्या पोषणाची नोंद ठेवली तरच मदत वेळेवर आणि योग्य घरी पोचते. पूर्वसूचना महिनाभर आधी मिळूनही निर्णय घेणाऱ्यापर्यंत कापणीनंतर पोचली तर तिचा उपयोग होत नाही. कोणता आकडा कितीवर आला की कोणी, किती दिवसांत, काय करायचे हे हंगामाआधीच लिहून ठेवावे.

नोंदी आणि त्यांची मालकी

प्रत्येक भेटीची एक ओळ लिहावी: प्रतिमेची तारीख, भेटीची तारीख, बिंदूचे स्थान, निर्देशांक, शेतात आढळलेले कारण आणि त्यावर केलेला उपाय. कारण सापडले नाही तर तेही लिहावे. दोन-तीन हंगामांत अशा शंभर ओळी जमल्या की कोणत्या आकाराचा डाग आपल्याकडे बहुधा कशाचा असतो हे दिसू लागते, आणि या ओळी पुढे पीकनकाशा शिकवण्यासाठी व तपासण्यासाठीही वापरता येतात.

प्रतिमा सर्वांच्या असल्या तरी शेताची सीमा, पेरणीची नोंद आणि उतारा ही माहिती शेतकऱ्याची आहे. ती कर्ज देणाऱ्याच्या, विमा उतरवणाऱ्याच्या किंवा खरेदीदाराच्या हाती गेली तर तिचा वापर त्याच्याविरुद्धही होऊ शकतो. गटाने नोंदी एकत्र करण्यापूर्वी त्या कोणाला दाखवल्या जातील, किती काळ ठेवल्या जातील आणि एखाद्याला आपली नोंद काढून घ्यायची असल्यास कशी घेता येईल, हे साध्या भाषेत लिहून प्रत्येकाची संमती घ्यावी. बाहेर नकाशा देताना शेतांच्या सीमा काढून टाकाव्यात आणि आकडे गावाच्या किंवा त्याहून मोठ्या पातळीवरच द्यावेत.